कलांची पहिली ओळख: लयीपासून रेषेपर्यंत

सप्ताहाच्या भजनात टाळ बिनचूक धरणारी माणसे शास्त्रीय गायनाच्या मैफलीला आली की ‘आम्हाला यातले काही कळत नाही’ असे म्हणून मागच्या रांगेत जाऊन बसतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि ते मला कधीच पटलेले नाही. ज्याचा टाळ चुकत नाही त्याला लय कळते. जी उंबऱ्यापुढे ठिपक्यांची रांगोळी काढते तिला प्रमाण आणि समतोल कळतो. शिवजयंतीच्या चित्ररथावर न हलता उभ्या राहिलेल्या मुलाने अभिनयाचा पहिला धडा गिरवलेला असतो. या माणसांना ठाऊक नसतात ती फक्त नावे. म्हणून कलांच्या मूलभूत संकल्पना शिकू इच्छिणाऱ्याने नवी माहिती गोळा करण्याआधी आपल्या अंगात काय मुरलेले आहे ते तपासावे आणि तेथूनच वाट काढावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पद्धत साधी आहे. एका वेळी एकच संकल्पना घ्यावी, ती निदान आठ दिवस कानाने, हाताने किंवा डोळ्याने अनुभवावी आणि मगच तिची संज्ञा वहीत लिहावी. हा क्रम उलटा झाला की काय होते ते मी स्वतः अनुभवले आहे. शाळेत आमच्याकडून दहा थाटांची, म्हणजे रागांचे गट पाडणाऱ्या दहा स्वरचौकटींची, नावे पाठ करून घेतली होती. परीक्षेत मला पूर्ण गुण मिळाले, परंतु त्यांपैकी एकाही थाटातला राग कानावर पडला असता तर मला तो ओळखता आला नसता. पुढे खानापूर तालुक्यातील एका गावी पारायणाला गेलो असता, पखवाज वाजवणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी माझा हात माझ्याच मांडीवर ठेवला आणि ‘आधी हे मोजा’ एवढेच सांगितले. शाळेत वर्षभरात न कळलेली गोष्ट त्या रात्री कळली.

सुरुवात लयीपासून करावी, कारण ती गाणे, नृत्य, नाटक, चित्र या सर्व कलांत आहे आणि ती ओळखण्यासाठी वाद्य, साहित्य किंवा विशेष आवाज यांपैकी काहीच लागत नाही. भजनाला बसावे, तळहात मांडीवर ठेवावा आणि प्रत्येक ठोक्याला एक याप्रमाणे एक ते आठ मोजत राहावे. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. मात्रा म्हणजे मोजणीचा एक ठोका, आणि ठेका पुन्हा पहिल्या मात्रेवर येईपर्यंतचा एक फेरा म्हणजे आवर्तन. गजर सुरू होताना दोन ठोक्यांमध्ये भरपूर अंतर असते, मग पखवाज हळूहळू चढत जातो आणि शेवटी टाळ इतके जलद पडतात की मोजणाऱ्याची दमछाक होते. या सगळ्या काळात मात्रा आठच राहतात, बदलते ते दोन मात्रांमधले अंतर. ताल आणि लय या दोन शब्दांची नवशिक्यांकडून नेहमी होणारी गल्लत या एका अनुभवाने मिटते: ताल हा मोजणीचा आराखडा आहे, आणि तो आराखडा ज्या गतीने चालवला जातो ती लय. विलंबित, मध्य आणि द्रुत ही त्या गतीचीच नावे आहेत.

दुसऱ्या आठवड्यात तीनताल घ्यावा. त्यात १६ मात्रा असून चार-चार मात्रांचे चार विभाग असतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्यायची असते. नवव्या मात्रेवर टाळी न देता हात बाजूला नेऊन उताणा दाखवायचा, ती खाली. टाळ्या देत तबल्याचे बोल मोठ्याने म्हणावेत: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. ही अक्षरे नुसती घोकू नयेत, डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतील घुमणाऱ्या वाद्याकडे, कान लावून ऐकावीत. दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो आणि चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’बरोबर परत येतो. ही पोकळी तालाच्या रचनेतच ठेवलेली आहे, कारण तिच्यामुळे गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला बोटे न मोजताही आपण आवर्तनात कोठे आहोत हे समजते आणि सम जवळ आल्याची आगाऊ वर्दी मिळते. सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. मैफलीत जाणकारांच्या माना एकाच क्षणी हलतात ती ही जागा. नवशिक्याने सम शोधण्याची घाई करू नये. आधी खाली ओळखावी. खाली कानाला सापडू लागली की सम तिच्या मागोमाग आपोआप सापडते. तीनताल अंगवळणी पडल्यावर दोन, तीन, दोन, तीन अशा विभागांचा दहा मात्रांचा झपताल घ्यावा, आणि त्यानंतर सात मात्रांचा रूपक. रूपकाची पहिली मात्राच खाली असते, त्यामुळे त्याच्यापाशी थोडे अडखळायला होते. ते साहजिक आहे.

हाच ताल पायांत उतरला की नृत्याचा आरंभ होतो. कथक शिकणारा विद्यार्थी सर्वांत आधी तत्कार करतो: ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ या बोलांवर आठ पावले पडतात आणि ती दोनदा केली की तीनतालाचे एक आवर्तन पुरे होते. भरतनाट्यममध्ये गुडघे बाहेरच्या दिशेला वळवून अर्धे बसण्याची अरमंडी आधी पक्की करून घेतात. शाळेच्या मैदानावर लेझीम खेळलेल्या माणसाला तत्कार घरच्या घरी करून पाहता येतो, कारण आकड्यांवर पाऊल टाकण्याची सवय त्याच्या पायांना आधीपासून असते. लेझमीतून काही अर्थ सांगायचा नसतो, तालावरची सुंदर हालचाल हेच तिचे प्रयोजन असते. अशा नाचाला शास्त्रात नृत्त म्हणतात. हालचालीबरोबर भाव आणि अर्थ आला की ते नृत्य, आणि पात्रे होऊन कथा उभी केली की नाट्य. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर चौंडके या तंतुवाद्याच्या नादावर, डोक्यावर देवीचा जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) घेऊन नाचणाऱ्या जोगतिणींना पाहताना एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे: शरीराचा कोणता भाग हलतो आहे आणि कोणता मुद्दाम स्थिर राखला आहे. डोक्यावरच्या भारामुळे मान आणि खांदे निश्चल राहतात आणि सगळी गती पायांत व कमरेत एकवटते. नृत्य पाहायला शिकण्यासाठी मला याहून चांगला प्रश्न ठाऊक नाही, आणि तो कोणत्याही नृत्यप्रकाराला लागू पडतो.

आता स्वर. पेटीवर सा कोठेही धरता येतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सा ही ठरावीक उंची नसून आपल्या गळ्याला सोयीची वाटणारी बैठक आहे, आणि बाकीचे सर्व स्वर तिच्यापासूनच्या अंतरावर ठरतात. पुरुषांचे आवाज बहुधा पेटीच्या काळ्या पट्ट्यांपैकी काळी एक ते काळी दोनच्या आसपास बसतात, स्त्रियांचे काळी चार ते काळी पाचच्या आसपास. तरीही आपली पट्टी, म्हणजे आपल्या साची जागा, दुसऱ्याला विचारून ठरवू नये, ताण न येता खाली आणि वर किती जाता येते हे पाहून ठरवावी. सा, रे, ग, म, प, ध, नि हे सात शुद्ध स्वर, त्यांतील रे, ग, ध, नि यांची चार कोमल रूपे आणि एक तीव्र मध्यम (म) मिळून एका सप्तकात १२ स्वर होतात. सा आणि प यांना कोमल किंवा तीव्र रूप नसते, म्हणून त्यांना अचल स्वर म्हणतात. एवढी माहिती पहिल्या दोन महिन्यांना पुरेशी आहे. खरे काम रोज सकाळी दहा मिनिटे तानपुऱ्याबरोबर एकच सा लावण्याचे आहे. मोबाइलमधील तानपुऱ्यानेही ते साधते, मात्र एकदा तरी खऱ्या तानपुऱ्याजवळ शांत बसावे. तानपुरे घडवणाऱ्यांचे मिरज आपल्यापासून फार दूर नाही. तेथील सतार आणि तानपुरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तानपुऱ्याला चार तारा असतात: साधारणपणे पहिली पंचमाची (प), मधल्या दोन षड्जाच्या (सा) जोडीच्या आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या साची. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावलेली असते, आणि तिच्यामुळे एका तारेतून अनेक स्वरांची दाट गुंजन उमटते. खर्जाची तार नीट ऐकत राहिले की, कोणीही न छेडलेला एक गंधार (ग) त्या गुंजनातून वर आलेला ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पेटीवरचा शुद्ध गंधार त्याच्याहून किंचित चढा असतो, आणि म्हणूनच केवळ पेटीवर विसंबून स्वर पक्का करू नये असे जाणते गवई सांगत आले आहेत. हा गंधार ऐकू यायला मला बरेच आठवडे लागले. तो ऐकू आला त्या दिवशी सुरेल या शब्दाचा अर्थ मला नव्याने कळला.

स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे, हे समजण्यासाठी भूप आणि देशकार ही जोडी घ्यावी. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत, मध्यम आणि निषाद (नि) दोन्हींत वर्ज्य आहेत. तरीही भूपात गंधारावर मुक्काम पडतो, तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात आणि त्याची वृत्ती शांत असते. देशकार धैवतावर (ध) रेंगाळतो, सप्तकाच्या वरच्या अंगाने फुलतो आणि तो सकाळचा राग आहे. एकाच चाळीत, सारख्याच पाच खोल्यांत राहणारी दोन कुटुंबे असावीत, त्यांपैकी एकाचा वावर माजघरात असावा आणि दुसऱ्याचा ओसरीवर, तसे हे आहे. मुक्कामाच्या त्या मुख्य स्वराला वादी म्हणतात. दोन्ही राग चार-चार दिवस आलटून पालटून ऐकले की फरक शब्दांत सांगता आला नाही तरी कानाला उमगतो, आणि नवशिक्याला तेवढे पुरे आहे.

आपल्या भागात दोन संगीतपद्धती शेजारी नांदतात, याचाही लाभ घ्यावा. कर्नाटक संगीत शिकणारे मूल पहिले धडे मायामाळवगौळ रागात गिरवते आणि या धड्यांचे श्रेय परंपरेने पुरंदरदासांना दिले जाते. त्या रागाचे स्वर आपल्या भैरव थाटाचे आहेत. हिंदुस्तानी पद्धतीत बहुधा शुद्ध स्वरांपासून आरंभ करून भूप, यमन अशा रागांकडे जातात. बेळगाव, धारवाड, हुबळी हा मुलूख मात्र मुख्यतः हिंदुस्तानी गायकीचा राहिला. मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांची किराणा घराण्याची, म्हणजे त्या गुरुपरंपरेची, गायकी कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे आली, आणि त्यांच्याकडून हुबळीच्या गंगूबाई हनगल व गदगचे भीमसेन जोशी यांच्याकडे. धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी आत्मसात केली. बेळगावपासून थोड्याच अंतरावरील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी तर स्वतःचीच वाट घातली. भीमसेन आणि मन्सूर यांनी गायलेला एकच राग पाठोपाठ ऐकावा. एकीकडे एकेका स्वराची सावकाश बढत ऐकू येईल, दुसरीकडे लयीशी सतत गुंफत जाणारी वळणदार फिरत. घराणे या शब्दाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हा अर्धा तास अधिक मोलाचा आहे.

नाटकाच्या बाबतीत सीमाभागाचा वारसा विशेष आहे, आणि तो येथील मुलांना सांगितला जात नाही याची मला खंत वाटते. सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली पहिले मराठी नाटक उभे केले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे पौराणिक खेळ पाहून. त्याच १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, आणि १८८० साली पुण्यात त्यांच्या ‘संगीत शाकुंतल’ने संगीत नाटकाचे युग सुरू झाले. गोकाक परिसरात आजही ज्याचे नाव आदराने घेतात ते श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्यही गाण्यातूनच कथा सांगते. म्हणजे पद, संवाद आणि सूत्रधार यांची ही भाषा मराठी आणि कन्नड या दोन्ही बोलींच्या माणसांनी मिळून घडवली आहे.

अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: शरीराने केलेला आंगिक, वाणीने केलेला वाचिक, वेशभूषा व रंगभूषेचा आहार्य, आणि अंतःकरणातून उमटणारा सात्त्विक. चित्ररथावरचा सजीव देखावा हा आंगिक अभिनयाचा उत्तम वर्ग आहे. वैशाखातील शिवजयंतीच्या मिरवणुकीत गर्दीच्या आवाजामुळे संवाद पोहोचत नाहीत, प्रेक्षक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि रथ काही क्षणांत पुढे सरकतो. तेवढ्यात प्रसंग कळायचा असेल तर तो केवळ उभे राहण्यातूनच कळला पाहिजे. पुढच्या मिरवणुकीत तीन गोष्टी निरखाव्यात: सर्व पात्रे एकाच उंचीवर आहेत की कोणी बसलेले, कोणी वाकलेले, कोणी उंचावर आहे, त्यांच्या नजरा कोणाकडे वळल्या आहेत, आणि मुख्य पात्राभोवती मोकळी जागा सोडली आहे का. ज्या देखाव्यात नजरा एका बिंदूला मिळतात आणि उंची वेगवेगळी असते तो लांबूनही कळतो. रंगमंचावरील पात्रांच्या मांडणीचे मूळ तत्त्व हेच आहे. रंगमंचाची उजवी-डावी बाजू नटाच्या दृष्टीने मोजतात, प्रेक्षकाच्या नव्हे, एवढे पहिल्याच तालमीला लक्षात ठेवावे, म्हणजे दिग्दर्शकाच्या सूचनांचा घोटाळा होत नाही.

वाचिक अभिनयासाठी घरात करण्यासारखा एक सराव सांगतो. ‘खानापूरची बस गेली’ हे एकच वाक्य घ्यावे. ज्याला आज रात्रीच घरी पोहोचायचे होते असा मुलगा, पाहुणीने आणखी एक दिवस राहावे असे मनातून वाटणारी मावशी, आणि दिवसभर हेच सांगून कंटाळलेला स्थानकावरचा कर्मचारी अशा तिघांच्या तोंडून ते म्हणून पाहावे. शब्द तेच राहतात, पण कोणत्या शब्दावर भार पडतो, कोठे थांबावेसे वाटते आणि आवाज वर जातो की खाली, हे सर्व बदलते. हा बदल ठरवून करू नये. त्या माणसाला त्या क्षणी काय हवे आहे एवढे मनाशी पक्के करावे आणि मग बोलावे. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेणे म्हणजे ओरडणे नव्हे. श्वास पोटातून घेऊन व्यंजने स्वच्छ उच्चारली आणि वाक्याचा शेवट गिळला नाही तर मध्यम आवाजही पोहोचतो. नवशिक्या नटाच्या वाक्यातले शेवटचे क्रियापदच बहुधा ऐकू येत नाही, आणि मराठीत अर्थ तर क्रियापदापाशीच पुरा होतो.

चित्र आणि शिल्प यांकडे वळताना कागद-पेन्सिलीपेक्षा आधी पाहण्याचा सराव करावा, आणि त्यासाठी बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीसारखी जागा नाही. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली हे जैन मंदिर बांधले. आत गेल्यावर लगेच वर पाहू नये. आधी एका खांबापाशी उभे राहावे. चरकावर फिरवल्यासारखी गोल वळणे, त्यांच्यामधल्या धारदार कडा आणि त्या कडांवर पडलेली प्रकाशाची बारीक रेघ पाहावी. आपण ज्याला रेषा म्हणतो ती दगडात कोणी ओढलेली नसते. उजेड आणि अंधार जेथे एकमेकांना भेटतात तेथे ती डोळ्याला दिसते. छायाप्रकाश म्हणजे काय, हे येथे पाच मिनिटांत कळते. मग मागे सरून छताकडे पाहावे. मध्यभागी खाली झुकलेले दगडी कमळ आहे आणि भोवतीची सारी रचना त्या मध्याकडे डोळा खेचून नेते. दारातली ठिपक्यांची रांगोळी याच तत्त्वावर उभी असते: मध्य पक्का, दोन्ही बाजू सारख्या, आणि रेषा जितकी महत्त्वाची तितकीच दोन रेषांमधली मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेला चित्रकार अवकाश म्हणतात.

घरी आल्यावर रोज एक वस्तू रेखाटावी. तांब्या, चप्पल, खानापूरच्या मातीचा माठ, जे समोर असेल ते चालते. वस्तूची बाह्यरेषा काढण्याऐवजी तिच्याभोवतीच्या रिकाम्या जागेचा आकार काढून पाहावा. हाताच्या सवयी मोडतात आणि डोळा प्रामाणिक होतो. रंगांसाठी तांबडा, पिवळा आणि निळा एवढे तीनच घेऊन त्यांतून नारिंगी, हिरवा आणि जांभळा करावेत, आणि तांबड्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी नारिंगी ठेवून दोन्ही कसे उजळतात ते बघावे. तयार रंगांची मोठी पेटी पहिल्या वर्षी घेऊ नये. ज्या बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या आणि जेथे १९३५ साली चित्रकार रवी परांजपे जन्मले, तेथे चांगली चित्रे प्रत्यक्ष पाहण्याची संधीही मिळत राहते. प्रदर्शनात सर्व चित्रे पाहण्याचा अट्टहास न धरता एकाच चित्रापुढे दहा मिनिटे उभे राहावे आणि आपली नजर कोठून शिरली, कोठे थांबली आणि कोठून बाहेर पडली ते वहीत लिहावे.

साधारण सहा महिने असा सराव झाल्यावर गुरूकडे जावे. वर्ग निवडताना शिक्षकांची प्रमाणपत्रे पाहण्याऐवजी त्यांच्याकडे दोन-तीन वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्याचे गाणे ऐकावे, नाच पाहावा किंवा त्याची रेखाटनवही चाळावी. संगीताच्या वर्गात तानपुरा सुरू असतो का, नृत्याच्या वर्गात शिक्षक स्वतः बोल म्हणून हाताने ताल देतात का, चित्रकलेच्या वर्गात छापील चित्रांच्या नकला करायला लावतात की समोर वस्तू ठेवतात, आणि नाटकाच्या तालमीत पहिल्याच दिवशी संहिता पाठ करायला देतात की आधी तुम्हाला चालायला, उभे राहायला आणि ऐकायला लावतात, हे एक तास मागे बसून पाहण्याची परवानगी मागावी. आपुलकीने शिकवणारे शिक्षक ती आनंदाने देतात.